माझ्या वजनाएवढी हवा

प्रिय बारक्या,

तुझा निरोप मिळाला. एकाच आठवड्यात तीनदा मिळाला, म्हणजे घाई आहे हे कळलं. 'ताई, सायकल घ्यायची की नाही, एका शब्दात सांग,' म्हणतोस. एका शब्दात मावलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. फोन करावा म्हटलं, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू 'कळतं गं ताई' म्हणतोस, आणि एकदा तुला कळलं की मला पुढचं बोलताच येत नाही. म्हणून दुकानातल्या दुपारच्या रिकाम्या वेळात काउंटरवर बसून लिहितेय. मालक जेवायला घरी गेलेत. समोरच्या भिंतीवर चष्म्यांच्या फ्रेमा ओळीने लावल्यात, त्या सगळ्या माझ्याकडेच बघतायत असं वाटतं. मनगट दुखतंय, तेव्हा अक्षर जरा गडबडेल. सांभाळून घे.

आधी कामाचं सांगते. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली जुनी सायकल घेताना काय काय बघायचं, हे तू फोनवर एवढं लांबलचक लिहून पाठवलंस की वाचून आधी मला हसू आलं. मी जन्मभर लोकांच्या नाकावर तिरपे बसलेले चष्मे सरळ करत आले, मला डोंगरातल्या पायवाटांवर चालवायच्या सायकलीतलं काय कळणार? पण वाकडं काय आहे ते मला चटकन दिसतं, एवढ्याच भांडवलावर निघाले. निघणंही सोपं नव्हतं. बाबांना सांभाळणाऱ्या मावशी मी दुकानातून परतले की लगेच त्यांच्या घरी जातात. त्यांना तीन शनिवार संध्याकाळपर्यंत थांबायची गळ घातली. 'स्थळ बघायला चाललात की काय?' म्हणाल्या. म्हटलं, तसंच समजा, फक्त मुलगा दोन चाकांचा आहे.

पहिली सायकल व्यायामशाळेत शिकवणाऱ्या एका तरुणाची. आरशासारखी पुसून ठेवलेली. 'मॅडम, डोळे झाकून घ्या,' असं सारखं म्हणत होता. डोळे झाकून वस्तू घ्यायला लागले लोक, तर आमचं दुकान बंद पडेल, असं मी म्हटलं. त्याला काही तो विनोद कळला नाही. तू सांगितल्याप्रमाणे सीट धरून मागचं चाक उचललं आणि डावी-उजवीकडे हलवून बघितलं. आतून टकटक आवाज आला. त्यावर तो मोठ्याने खोकला. पुन्हा हलवलं, पुन्हा टकटक, पुन्हा खोकला. मग मागचा शॉक, म्हणजे धक्के खाणारा दांडा, जिथे फ्रेमला जोडलेला असतो तिथे एक कोरं करकरीत स्टिकर दिसलं. बाकीची सगळी उन्हाने फिकुटलेली आणि हे एकटंच नवं. नखाने कोपरा उचलला, तर खाली केसासारखी बारीक चीर. 'ओरखडा आहे तो,' म्हणाला. ओरखड्याला कोणी पट्टी बांधतं का रे? नमस्कार करून निघाले.

दुसरी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे, बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेली. चिखल माहीत नसलेली सायकल. त्यांनी मला सोफ्यावर बसवून तिच्या एकेका भागाची माहिती दिली, लग्नाचा अल्बम दाखवावा तशी. टायर मात्र पडून पडून तडकले होते, आणि शॉक दाबून बघितला तर आतलं तेल बाहेर येऊन दांडीवर चिकट थर बसलेला. त्यांच्या पत्नी चहा ठेवता ठेवता मला हळूच म्हणाल्या, 'न्या हो काहीही करून. ती खाली उतरली की तिथे मी माझ्या आईचा फोटो लावणार आहे.' त्या माउलीसाठी तरी घ्यावी असं क्षणभर वाटलं. पण घेतली नाही. खाली उतरवायलाही साहेबांचं मन होत नव्हतं. मी जिना उतरले तेव्हा ते परत तिच्यावरची धूळ पुसत होते.

दोन्ही वेळा घरी आले तेव्हा पाय भरून आले होते. मावशी चपला घालूनच उभ्या. मग नेहमीचं सगळं. बाबांना खुर्चीतून पलंगावर घेणं, कपडे बदलणं, सूप भरवणं, सांडलेलं पुसणं, पाठीला मलम. तू सायकलीबद्दल विचारलंस, आणि मी हे सांगत बसले. पण या संध्याकाळी तुझ्या कधी बघण्यातच आल्या नाहीत, तू येतोस तेव्हा बाबा आवरून, केस विंचरून बसलेले असतात. मी बसवते तसे.

तुला पाण्याच्या टाकीमागचा उतार आठवतो का? आपल्या दोघांत एकच सायकल होती. मी पुढे, तू मागे कॅरिअरवर. वरून सोडली की तू माझा फ्रॉक मुठीत धरून 'ताई ब्रेक, ताई ब्रेक' म्हणून बोंब ठोकायचास आणि मी मुद्दाम ब्रेक दाबायची नाही. खाली पोचलो की तोंड पुसून तूच म्हणायचास, 'परत जाऊया.' एकदा बाबांनी हे बघितलं. बस डेपोत लावून चालत घरी येत होते. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. तर त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवून ब्रेकचे रबर बघितले आणि म्हणाले, दाबायचे नसतील तर निदान असू द्या. ड्रायव्हर माणूस. त्यांना वेगाची भीती कधी वाटली नाही, ब्रेक नसण्याची वाटायची. पुढे तुझी शाळा लांब गेली म्हणून सायकल तुझी झाली. ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला उतार आवडायचे, हे घरात बहुधा कोणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याही.

आता तुझ्या रजेचं. मागच्या खेपेला निघताना दारात बुटांच्या नाड्या बांधता बांधता तू म्हणाला होतास, 'ताई, पुढची मोठी रजा तुझी. मी येऊन बाबांजवळ बसतो, तू कुठेतरी जा, झोप, वाटेल ते कर.' ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. फारच झालं की औषधासारखं थोडं थोडं घ्यायची. मग गेल्या महिन्यात तुझा फोन आला. मित्रांचा बेत ठरलाय, दहा दिवस डोंगरात, जंगलातल्या वाटा, त्याला तशीच सायकल लागते, नवीन परवडत नाही आणि चांगल्या जुन्या नेमक्या माझ्याच शहरात विकायला निघाल्यात. 'आणि न्यायला येईन तेव्हा एक रात्र राहीन ना, बाबांनाही बरं वाटेल.' दहा दिवस म्हणजे तेच दहा दिवस. मी 'बरं' म्हटलं. तू ते ऐकलंस की नाही कोण जाणे. माझ्या 'बरं'ला आवाज नसतो. आणि तूच तर लिहून पाठवलं होतंस, की कुरकुरत नाही ती सायकल चांगली.

तिसरी सायकल पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंची होती. तलावाच्या मागे त्यांची खोली आहे, तिथे क्लोरीनचा वास आणि दोरीवर वाळत घातलेल्या टोप्या. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, उंचीने माझ्याएवढ्याच, आवाज मात्र तलावाच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा. 'गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, नाहीतर विकली नसती,' म्हणाल्या. सायकल पुसलेली नव्हती. ओरखडे होते, ते कुठे कुठे पडून झाले तेही त्यांनी न विचारता सांगितलं. मी माझी परीक्षा सुरू केली. चाक हलवलं, काहीच वाजलं नाही. मी खूश झालेली त्यांना दिसली असावी. म्हणाल्या, 'आवाज येत नाही म्हणून फसू नका हो. विकायच्या आधी लोक ग्रीस चोपडून ठेवतात. तिच्यावर वजन टाकल्याशिवाय ती खरं बोलत नाही.' मग विचारलं, 'वजन किती?'

मी बाबांचं सांगितलं. खरंच सांगते, तोंडातून तेच बाहेर पडलं. त्यांचं वजन, रक्तदाब, साखर, सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. 'कोणाचं म्हणालात?' वडिलांचं. 'सायकलवर वडील बसणार आहेत का?' नाही, भाऊ. मग त्यांनी तुझी उंची विचारली, ती ऐकून हसायलाच लागल्या. ही मधल्या मापाची आहे, त्याचे गुडघे हँडलला लागतील, हातात धरून न्यावी लागेल त्याला, म्हणाल्या. तेव्हा बारक्या, तुझं उत्तर हे. तुला ती होत नाही. सबब सांगत नाहीये, माप पाहिजे तर पाठवते.

तिथूनच मी निघायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या, 'एवढ्या लांब आलाच आहात तर एक चक्कर मारा. तुमचं वजन सांगा, तेवढी हवा भरते.' मागच्या शॉकमध्ये हवा असते, बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ती कमी-जास्त करावी लागते, हे तू लिहिलं होतंस, पण वाचून माझ्या काही डोक्यात शिरलं नव्हतं. मला माझं वजन माहीतच नव्हतं. त्यांनी मला तलावावरच्या वजनकाट्यावर उभं केलं. मग एका छोट्या पंपाने हवा भरली, मला भिंतीला हात टेकून सायकलवर बसायला लावलं, खाली वाकून शॉकची दांडी किती आत गेली ते बघितलं, थोडी हवा सोडली, पुन्हा बसवलं. 'अजून जरा. अंग सोडून बसा की हो, तपासणीला आल्यासारख्या काय बसलात?' एक परकी बाई गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून माझ्या अंगाला काय सोसतं ते बघत होती. तेव्हा कुठे मी अंग सोडून बसले.

तलावामागे मातीचा बांध आहे. वर झाडांची मुळं, पुढे उतार, खाली एक खड्डा. मी हळूच निघाले आणि सोडली. खड्डा आला आणि माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मागचं चाक वर आलं, स्वतःच खाली बसलं, मी होते तिथेच. बाबांना झटका आल्यापासूनच्या दोन वर्षांत पहिल्यांदा एखादा धक्का माझ्या पाठीत शिरण्याआधी मध्येच कोणीतरी झेलला. खाली थांबले, ब्रेक दाबून. आणि अगदी तुझ्यासारखी, मनातल्या मनात म्हणाले, परत जाऊया. चारदा गेले. बाईंनी मोजलं नाही, पण मी खाली आले की दर वेळी वरून ओरडायच्या, 'कोपर सैल!'

सायकल मी घेतली. माझ्यासाठी, माझ्या पैशांनी. घरी आणली तेव्हा बाबा खिडकीशी होते. हल्ली शब्द एकेकच येतो, तोही शोधून. म्हणाले, 'कोणाची?' मी म्हटलं, 'माझी.' जवळ आण अशी खूण केली. चांगल्या हाताने ब्रेक दाबून बघितला, सोडला, पुन्हा दाबला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, 'पडशील.' दुसरा शब्द शोधायला त्यांना बराच वेळ लागला. तो सापडला तेव्हा तोंड एका बाजूने हसलं. म्हणाले, 'चालेल.'

तर हे पत्र सायकलीचा निकाल कळवायला लिहिलेलं नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझी रजा तू रद्द करू नकोस. त्याच दहा दिवसांत ये, पण बॅग घेऊन ये आणि राहा. बाईंची एक सायकल चालवणारी टोळी आहे, बहुतेक माझ्याच वयाच्या, त्या दिवसांत त्या डोंगराकडे जाणार आहेत आणि मी त्यांना येते म्हणून सांगितलंय. पहिले दोन दिवस मी तिथे बहुधा झोपूनच काढीन, सायकल बिचारी भिंतीला टेकून बसेल. मावशींनाही त्याच दिवसांची सुट्टी दिली आहे, त्यांनाही कधी मिळालेली नाही. म्हणजे घरात तुम्ही दोघेच. घाबरू नकोस. उचलताना काखेत हात घालून ओढू नकोस, कमरेला धर आणि आधी स्वतःचे गुडघे वाकव. डावा खांदा दुखतो, पण ते बोलत नाहीत, फक्त डोळे मिटतात. तेवढं बघ. आवाज येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नकोस. आणि यावर 'कळतं गं ताई' म्हणून फोन करू नकोस, गाडी कधी पोचते तेवढं कळव. मी दार उघडीन, किल्ली तुझ्या हातात देईन आणि निघेन.

तुझीच,
त्या दहा दिवसांत फोन न उचलणारी,
ताई