ताई, तू छायाचित्रं काढ

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, इस्पितळाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. कोणी भरीला घातले किंवा रडून दाखवले म्हणून हे लिहीत नाही. याआधी लिहिलेले काही सापडले तर ते रद्द समजावे.

कलम १. नोकरीत अंधाऱ्या खोलीत बसून लोकांची हाडे पाहिली. सुट्टीच्या दिवशी मात्र उन्हात हिंडून सावल्यांचे फोटो काढले : फुटपाथवर आडवी झालेली सायकलची चाके, भिंतीवर मोडलेली शिडी, बसथांब्यावर ताटकळणाऱ्यांच्या लांबलेल्या माना, पत्र्याच्या भोकातून पडलेला कवडसा. ते सगळे पलंगाखालच्या पेट्यांत आहेत. फेकू नयेत. यात आहे काय, असे कोणी विचारील. ऊन होते आणि मध्ये काहीतरी आले होते, एवढेच आहे.

कलम २. कॅमेरा आणि पेट्या भाचीला. सूर्य पाठीशी ठेव, असे तिला सगळे सांगतील. ऐकू नये. भर दुपारी खुशाल झोपावे. तेव्हा सावली पायाखाली दडी मारते आणि हाती काही लागत नाही. स्वतःची सावली फोटोत आली तर येऊ द्यावी, मिरवू नये.

कलम ३. छायाचित्र मंडळाला काहीही नाही. त्यांच्या परीक्षकांनी माझ्या फोटोंवर 'विषय दिसत नाही' असा शेरा मारला होता. आता मीही दिसणार नाही, तेव्हा फिटंफाट झाली.

कलम ४. भावजयीचा माझ्यावर राग आहे, त्याची नोंद असावी. तिच्या लग्नात भाऊ म्हणाला, "ताई, बाहेरचा माणूस कशाला? तू छायाचित्रं काढ." मी काढली. ऊन तिरपे होते, पाहुण्यांच्या सावल्या पायऱ्यापायऱ्यांवर दुमडत होत्या. त्या सगळ्या आल्या, चेहरा एकाचाही आला नाही. अल्बम मिटून भावजय म्हणाली, "माझंच लग्न होतं ना हे?" तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते. ऊन चांगले मिळाले होते, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. पायरीवर वाकून चप्पल शोधणारी सावली तिची आहे. तो फोटो तिला द्यावा.

कलम ५. राहते घर माझ्या पगारातून घेतले आहे. भावाने आपले घर बायकोला न विचारता विकले आणि पैसे धंद्यात घालवले. आता ती दोघे भाड्याने राहतात, तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. गेल्या महिन्यात तो दलालाला आणून माझी गच्ची मोजून गेला. मी आत झोपले होते, मेले नव्हते.

भावजय रोज येते. मुकाट्याने मला आंघोळ घालते, माझे केस विंचरते आणि मग गच्चीत उन्हाकडे पाठ करून बसते. मला ती तिथे बसलेली आवडते. सबब हे घर, गच्चीसह, एकट्या भावजयीचे. विकायचे की ठेवायचे ते तिने ठरवावे. भावावर माझी माया आहे. घर देण्याइतकी नाही.

कलम ६. हे सह्यांच्या वेळी जागेवर लिहीत आहे. घर आपल्यालाच मिळणार अशा समजुतीने भाऊ आला आणि साक्षीला बायकोला घेऊन आला. तिने पेन उघडले. मी तिला थांबवले.

भाऊ म्हणाला, "का? तिला सही येते की."

"येते. पण ज्याला मिळायचंय, त्यानं साक्ष द्यायची नसते."

तो माझ्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिला. तिने पेनाला टोपण लावले. माझ्याकडे पाहिले नाही. नवऱ्याला म्हणाली, "खालून चष्मेवाल्यांना बोलवा. आणि त्या दलालाला सांगा, परत येऊ नको म्हणावं."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे.

सही (वाकडी आली, तरी माझीच)

आमच्यासमक्ष सही झाली :
१. चष्मेवाला, तळमजला
२. समोरची शिंपीण

स्थळ : राहते घर, गच्चीलगतची खोली
दिनांक : ११ जानेवारी, सकाळी