तुरटीसारखं

१२ एप्रिल ९९, सोम.
तळं काठोकाठ. रंगासाठी माती धुणारा आमचा कारखाना, आणि धुतलेल्या पाण्यातला बारीक गाळ वर्ष झालं तरी खाली बसत नाही. पावसात बांध फुटला तर खाली म्हाताऱ्या धनगर आबांचं वावर आणि मेंढरांचं वाडगं. साहेब म्हणाले, "मॅडम, पावसाच्या आत तळं रिकामं पाहिजे." जसं काही माझ्याकडे तेवढी मोठी गाळणी आहे.

१५ एप्रिल, गुरु.
लॅबमध्ये जमलं! बीकरमध्ये पॉलिमरचे थेंब, कांडीने अगदी सावकाश ढवळायचं. गाळाचे मुगाएवढे गोळे होऊन खाली बसतात, वर नितळ पाणी. एवढी खूश की घरी जाताना जीपमधून चौफुल्याला उतरायचंच विसरले. पुढे यवतला जाऊन परत फिरले. अम्मी रागावली.

१९ एप्रिल, सोम.
तळ्यावर सपशेल आपटले. गोळे होतात, पण गाळ वाळवायच्या वाफ्यापर्यंत पोचेस्तोवर पुन्हा चिखलपाणी. साहेब: "डोस वाढवा." वाढवला. नुसतं बुळबुळीत झालं. चिडचिड.

२२ एप्रिल, गुरु.
घोळ पंपाचा. पॉलिमर आधी, पंप नंतर, म्हणजे लागलेलं दही आपणच घुसळत होतो. पॉलिमरची नळी पंपाच्या पुढे, वाफ्याच्या तोंडाशी नेली. लगेच जमलं. गाळ वाफ्यात, पाणी खालून झिरपून नाल्यात. नाल्यात सोडू का विचारलं तर साहेब म्हणाले, गाळ नाही ना, मग झालं.
आबा बांधावर बसून बघत होते. "पोरी, काय टाकती ह्यात?" मी घाईत. म्हटलं, तुरटीसारखंच असतं आबा, गाळ खाली बसवतं. "मंग ठीक हाय."

३ मे, सोम.
तळं निम्मं उतरलं. वाफ्यातल्या गाळाला भेगा पडल्यात, फावड्याने उचलता येतो. साहेबांकडून पेढे. दिवसभर हवेत होते.

६ मे, गुरु.
आबांची मेंढरं नाल्यावर पाणी पीत होती. धावत गेले. आबा खुशीत. "घरी हंड्यात तुरटी फिरवूनच पितो की आमी. तू तर समदं तळं निवळलंस."
गाळ बसला, पण माती धुताना पाण्यात विरघळलेली रसायनं कुठे बसणार? ती डोळ्याला दिसतही नाहीत. तळं गढूळ होतं तोवर एक मेंढरू त्याला तोंड लावत नव्हतं.
सांगितलं, आबा, हे प्यायचं नाही. "गढूळ व्हतं तवा कुणी सांगाय आलं न्हाई. आता नितळ झालं तर न्हाई म्हणती व्हय?"
लाज वाटली.

७ मे, शुक्र.
साहेबांना म्हटलं, पाणी टाकीत साठवू, नाल्यात नको. "टाकीचं पावसाळ्यानंतर बघू. तोवर बोर्ड लावा." लावला. मेंढरांना वाचता येत नाही, आबांनाही नाही. त्यांना जाऊन वाचून दाखवला. "मंग मेंढरं पाजू कुठं, त्ये बी लिव्ह तिथंच." त्यांच्या विहिरीत फक्त चिखल उरलाय.

८ मे, शनि.
दोन मेंढरं चरत नाहीत. उन्हानं असंल, म्हणाले आबा. असेलही. तपासायला पाठवलेल्या पाण्याचा रिपोर्ट अजून नाही.

९ मे, रवि.
सुट्टी, पण डोक्यात तेच. उद्या पॉलिमर बंद ठेवलं तर नाल्यात पुन्हा गढूळ पाणी जाईल. मेंढरं आपोआप थांबतील, बोर्ड नको की समजावणं नको. पण मग वाफे चिखलाने बुजतील, तळं उतरायचं थांबेल, आणि पावसात सगळा गाळ आबांच्याच वावरात.
इतकं खपून नितळ केलेलं पाणी गढूळ करायला निघालेय मी. वेड लागायची पाळी.
उद्या सकाळची पाळी माझी. आधी आबांकडे जाईन, आणखी एकदा सांगून बघेन. ऐकतील असं वाटत नाही. त्यांचा विश्वास आता त्या पाण्यावर आहे, आणि तो मीच बसवलाय, तुरटीसारखंच म्हणून.