अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा सूड

३ ऑगस्ट २०१६, बुधवार. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.
टोस्टला व्हेजिमाइट लावत असताना सूड सुचला. टोस्ट गार झाला. हरकत नाही.

मर्व्ह हॉस्किंगने मला काढलं त्याला आज एकोणीस दिवस झाले. चार वर्षं त्याच्या वर्कशॉपमध्ये जुने पियानो उघडले, पुसले, जोडले. आणि काढताना, गिऱ्हाइकासमोर, तो म्हणाला, "नेविन, तू मोजतोस फार छान. फक्त काय मोजायचं ते तुला कळत नाही." गिऱ्हाईक हसलं. वहीच्या शेवटच्या पानावर 'अपमान क्र. १' म्हणून नोंद केली आहे.

योजना: माझ्या घरमालकीण बेरिल ट्रेलोर, वय एकसष्ट, यांचे हात लहान आहेत. पंजा फाकवूनही सप्तकाची दोन टोकं जेमतेम गाठतात आणि मग मनगट धरून बसतात. सोळाव्या वर्षी एक आवडती रचना हात पुरत नाही म्हणून सोडली, ती सोडलेलीच आहे. मर्व्हचं तेव्हापासून एकच, हात रबराचा असतो, ताण. पंचेचाळीस वर्षं ताणून झाला.

मी त्यांच्या १९१२ सालच्या पियानोला अरुंद पट्ट्या बसवणार. २६ नोव्हेंबरला गावच्या हॉलच्या नव्या छपराचा समारंभ आहे. बेरिल हाच पियानो तिथे वाजवतील. मर्व्ह पहिल्या रांगेत बसून ऐकेल. मग मी उभा राहून एक वाक्य बोलेन. वाक्य अजून ठरायचं आहे.

७ ऑगस्ट.
बेरिलना पटवलं. म्हणाल्या, "बाळा, माझ्याकडे हा एकच पियानो आहे हं." मी म्हटलं, मी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो. म्हणाल्या, "म्हणूनच भीती वाटते."
जुन्या पट्ट्या किडलेल्या. काढून पोत्यात भरल्या आणि थेट कचरा डेपोत टाकून आलो. परतीची वाट ठेवायची नाही.

१९ ऑगस्ट.
तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांची रांग (दर पट्टीला एक), पहिलीपासून शेवटच्यापर्यंत: ११५५.६ मिलिमीटर. तीनदा मोजली. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात हे दहावीत शाळा सोडलेल्यालाही माहीत असतं. त्या हिशोबाने भागाकार केला, सात दशांश स्थळांपर्यंत. नव्या पट्ट्या पुढे अरुंद, मागे पंख्यासारख्या पसरत जुन्या हातोड्यांखाली जाणार. आकृती इतकी सुंदर आली आहे की मर्व्हने पाहिली तर त्याला जेवण जाणार नाही.

२ सप्टेंबर.
फाटकाशी स्प्रूस लाकडाची एक फळी. सरळ रेषांची, वाळलेली, उत्तम. चिठ्ठी नाही. अशी फळी या गावात फक्त मर्व्हकडे असते. उघडच सापळा आहे. ओल तपासली, गाठी तपासल्या, वास घेतला. दोष सापडला नाही. म्हणजे सापळा फार खोल आहे.
फळी वापरली.

१४ सप्टेंबर.
बेकरीत पास्टीच्या रांगेत मर्व्ह बेरिलना भेटला. निरोप दिला, "त्या पोराला म्हणावं, कापायच्या आधी हातोड्या मोज."
अपमान क्र. ४. आज मोजणारच होतो, पण आता मोजल्या तर मर्व्हचं ऐकल्यासारखं होईल. मोजल्या नाहीत. प्रश्न तत्त्वाचा आहे.
दुपारी कापायला सुरुवात.

११ ऑक्टोबर.
पियानो उघडा पडला आहे. बेरिलना सराव हवा म्हणून कागदाच्या लांब पट्टीवर नव्या मापाच्या पट्ट्या आखून दिल्या. त्या ती जेवणाच्या टेबलावर अंथरतात आणि तोंडाने गुणगुणत वाजवतात. कप किणकिणतात. आज एकदम ओरडल्या, "अरे नेविन, सप्तक हातात आलं रे! मनगट दुखतच नाही!" मग जरा वेळाने, "टेबल वाजत नाही, तेवढंच."
त्यांच्यासाठीही हे काम चांगलंच आहे. मुख्य हेतू सूडाचा.

५ नोव्हेंबर.
मर्व्हच्या खुर्चीसाठी नावाचं कार्ड लिहिलं. तिसऱ्या खेपेला अक्षर मनासारखं आलं. वाक्यही ठरलं: "मिस्टर हॉस्किंग, आता मोजून घ्या." आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. 'आता'वर जोर द्यायचा.

२० नोव्हेंबर, दुपारी १.५०.
पट्ट्या बसल्या! पहिली दाबली, वाजली. शेवटची दाबली, वाजली. दोन्ही टोकं केसभरही चुकली नाहीत. मर्व्ह संपला.

२.१०.
बेरिलनी मधली पट्टी दाबली. शेजारशेजारचे दोन सूर एकदम आले, तारेवर दोन काकाकुवे भांडावेत तसे. उकाड्यामुळे असणार.

३.३०.
उकाडा नाही. हातोड्या मोजल्या. पंच्याऐंशी. पुन्हा मोजल्या. पंच्याऐंशी. त्या काळच्या पुष्कळ पियानोंना वरच्या टोकाला तीन सूर कमीच असत. असे निदान चाळीस पियानो मी स्वतः पुसलेले आहेत.
टोकं जुळली, मधलं सगळं सरकलं.
बेरिल रागावल्या नाहीत. खणातून कागदाची पट्टी काढली आणि पुन्हा टेबलावर अंथरली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर.
मर्व्हला माझ्या देखरेखीखाली कामाला लावायचं ठरवलं. सकाळी सातला त्याच्या दारात. त्याने माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "कितीने?"
मी म्हटलं, तीनने.
हसला नाही. हसायला पाहिजे होतं, क्र. ५ची जागा मोकळी ठेवली होती. म्हणाला, "पुढचा भाग झकास केलायस. मागच्या शेपट्या कापू, नव्या जोडू. पंच्याऐंशी शेपट्या, पाच दिवस. चहा टाक."

२५ नोव्हेंबर.
शेवटची शेपटी जोडली. बोटांना सरस. पाच दिवसांत देखरेख करायला वेळ मिळाला नाही.

२६ नोव्हेंबर.
बेरिलनी ती सोळाव्या वर्षी सोडलेली रचना वाजवली. एकही सप्तक तुटलं नाही. मर्व्हची पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती, कार्ड छान दिसत होतं. एखादी शेपटी सुटली तर म्हणून तो पियानोमागे गुडघ्यांवर बसला होता. शेजारी मी, सरसाची बाटली घेऊन. त्याने डोळे पुसले. धूळ असेल.
टाळ्या थांबल्यावर मर्व्ह उठला आणि अख्ख्या हॉलसमोर म्हणाला, "बेरिल, ताण ताण म्हणून तुला पंचेचाळीस वर्षं छळलं गं. चुकलो मी. माफ कर."
माझ्या वाक्याची वेळ हीच होती. पण बेरिलनी माझा पंजा त्यांच्या दोन्ही हातांत धरला होता. त्यांचे हात त्याला पुरत नव्हते, तरी सोडत नव्हत्या. वाक्य राहून गेलं.
नंतर हॉल समितीच्या अध्यक्षबाईंनी आभार मानले: "मर्व्ह आणि त्याचा मदतनीस."

२८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
वर्कशॉपमध्ये हजर. मर्व्हने उरलेल्या तीन पट्ट्या दाराला खुंट्यांसारख्या आडव्या ठोकल्या आहेत. म्हणाला, "शहाऐंशीवर माझी टोपी. सत्त्याऐंशीवर तुझी."
अठ्ठ्याऐंशी रिकामी.

खर्च: सरस, करवतीची पाती, पट्ट्यांवरची पांढरी-काळी आवरणं मिळून ४१२ डॉलर ६० सेंट.
देणं: फळीचे १८० डॉलर, मर्व्हला. पगारातून कापणार. मजुरी किती विचारलं, तर म्हणाला, "तूच मोज."
येणं: माफी, एक. बेरिलच्या नावावर जमा झाली.