सुलोचनाचा चौदा दिवसांचा पगार

शनिवार. गौरीविसर्जन होऊन चार दिवस.

संध्याकाळपासून डोकं तापलं आहे. नातीला सांभाळणारी सुलोचना लेकीच्या पहिल्या ओवशाची, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला माहेरून द्यायची, सुपं घेऊन रत्नागिरीला गेली होती. परत आली तर कोरोनामुळे चौदा दिवस शाळेत विलगीकरणात ठेवलं आहे. माझा मुलगा विश्वास म्हणतो, या दिवसांचा पगार नाही.

"ती आपल्या कामाक गेली. आम्ही कित्याक देवचो?"

मग माहेरची सुपं कोणी न्यायची? तिचा नवरा असता तर ती गेली असती का? आणि हा स्वतः मे महिन्यात पुण्याहून आला, चौदा दिवस माडीवर झोपून होता. तेव्हा ऑफिसने याचा पगार कापला?

जाण्याआधी तिने मला विचारलं होतं, "तात्यानू, पगार कापतले काय?"

"जा गो, सुपां पोचव. पगार खंय जाणा नाय," मी म्हटलं. शब्दच दिला.

हे सांगितलं तर विश्वास म्हणतो, "तुमका कोणी इचारल्यान?"

उद्या तिचा डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी कुठल्या तोंडाने जाऊ? त्याआधी पुन्हा भांडणार, आवाज चढवून. कोणी विचारलं म्हणे! तिने विचारलं होतं. या घरात मला विचारणारी ती एकटीच आहे.