बार्धिलला आणायला

१५ जानेवारी, कोरिंथ

पाद्र्याचा फोन. शनिवारी माझ्या भावाची, बार्धिलची कबर उघडणार, जागा हवीय म्हणे. तीन वर्षं झाली की या ग्रीस देशात मेलेल्यालाही उठवतात! हाडं वाइनने धुवायची, डब्यात भरून घरच्यांनी सांभाळायची. कोणी आलं नाही तर सगळ्यांच्या खड्ड्यात. अल्बानियात आईला कळवलं. ती एवढंच म्हणाली, "त्याला घरी आण."

थंडीत त्या डोंगरातल्या गावाला बस नाही. सायकल काढली.

१६ जानेवारी

डोक्यावर हेल्मेट, मागे सामान – लोकांना वाटतं, फिरायला आलेला जर्मन. कॉफीच्या दुकानात म्हाताऱ्यांनी खुर्ची पुढे केली, कॉफी आली, वर बिस्किटं. मग मी तोंड उघडलं. माझी ग्रीक त्यांच्याइतकीच चांगली, पण बोलण्याची ढब जात नाही. लगेच प्रश्न – "कोणाकडे कामाला आहेस रे?" अर्धं आयुष्य इथे गेलं, प्रश्न तोच. कॉफी अर्धी टाकून उठलो.

१७ जानेवारी

पाऊस. पंक्चर. पुलाखाली बसलोय.

माझा भाऊ गारुफालियाबाईकडे मजुरीला होता; तिच्या ऑलिव्हच्या झाडावरून पडला आणि जागीच गेला. तिच्याकडे सगळे त्याला वासिलिस म्हणायचे. आमची नावं यांच्या जिभेला जड! कागदपत्रं नसलेला माणूस कामाला ठेवला म्हणून दंड बसला असता. तिच्या नवऱ्याने पोलिसांना सांगितलं, कोण कुठला, ठाऊक नाही. झालं – बेवारशी म्हणून पुरला. आई पाच महिने त्याच्या फोनची वाट बघत होती, आणि हा मातीत!

शोधत शोधत मी पोचलो तोवर नवराही मेला होता. बाई रडली. "पोरा, आम्हाला फक्त वासिलिस ठाऊक होता. घरदार ठाऊक असतं तर कळवलं नसतं का?" मी ते रडणं खरं मानलं. काहीतरी खरं मानायलाच हवं होतं.

१८ जानेवारी, शुक्रवार

पोचलो. कबर उघडी, रिकामी! पाद्र्याच्या अंगावर धावून गेलो. तो म्हणाला, गारुफालियाबाईने हाडं आजच काढायला लावली, एकटीने धुतली, कोणाला हात लावू दिला नाही.

ती घराच्या ओट्यावर बसली होती. काळे कपडे, बोटं वाइनने जांभळी. आधी जेव म्हणाली. मसुराची आमटी, पाव. जेवलो.

"हे आईचं काम," ती म्हणाली. "तुझी आई लांब. म्हणून मी केलं."

मला हुंदका फुटला. आयुष्यात पहिल्यांदा तिला मावशी म्हटलं. तिने मान खाली घातली.

१९ जानेवारी

पांढऱ्या कापडात बांधलेला डबा दिला, पिशवीभर संत्री दिली. फाटकापर्यंत आली, पण माझ्याकडे बघेना. मला वाटलं, म्हातारीला जड जातंय.

घाटात कापड सुटलं. डब्यावर तिच्या वेड्यावाकड्या अक्षरांत रंगवलंय – बार्धिल. खाली आमचं गाव. त्याखाली – लिरीचा धाकटा.

आईचं नाव मी इथे कोणालाच सांगितलेलं नाही. त्यानेच सांगितलं असणार, जिवंतपणी, त्याच ओट्यावर बसून.

संत्री दरीत फेकली. एक एक करून.