आमच्या खिडकीसमोरचे बावीस मजले

५ जानेवारी, सकाळ
शिसारी आली. मेट्रोच्या खांबांनी आधी रस्ता खाल्ला, मग फुटपाथ खाल्ला, मग गेटसमोरचा बसथांबा उचलून कोपऱ्यापलीकडे नेऊन टाकला. ते सगळं मी सोसलं. आज समोरच्या जुन्या गोदामाभोवती पत्रे ठोकलेले दिसले. पत्र्यांवर फलक : ‘स्टेशनच्या कुशीत बावीस मजली स्वप्न’. खाली हसणारं कुटुंब. एवढे दात आमच्या तळमजल्यावरच्या डेंटिस्टनंही एकदम पाहिले नसतील.
संकल्प : हा टॉवर होऊ द्यायचा नाही. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. शहर कसं वाढतं ते मला कळतं, प्लॅनिंगवाल्यांना कळत नाही. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. दोनशे माणसं घेऊन जाणार.

९ जानेवारी
गच्चीवर कृती समितीची पहिली बैठक. हजर : डेंटिस्ट, होहो (दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, कशालाही हो म्हणतात) आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. आजी वाळत घातलेले कपडे काढायला आल्या होत्या, पण माझं भाषण सुरू झाल्यावर थांबल्या. कपडे अजून ओले होते, हा भाग वेगळा.
ऊन जाईल, पाणी पुरणार नाही, गटारं तुंबतील, सगळं सांगितलं. डेंटिस्टनं विचारलं, साधारण किती कुटुंबं येतील हो सर? मी म्हटलं, तीनशे तरी. ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. हादरले बिचारे.
होहो हो म्हणाले. ठराव एकमतानं मंजूर.

१६ जानेवारी
शत्रूच्या गोटात शिरलो. म्हणजे सॅम्पल फ्लॅट बघून आलो. प्लॅस्टिकची झाडं, पोकळ पुस्तकं, भिंतीवर कुणाच्या तरी आनंदी आजोबांचा फोटो. किळसवाणा प्रकार. बाथरूमचा नळ मात्र एका बोटानं फिरतो. तांत्रिक तपासणी म्हणून पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. सेल्सवाल्या मुलीला वारा कुठल्या बाजूनं येतो, असं सहज विचारलं. ताकास तूर लागू दिली नाही. तिला वाटलं, मी गिऱ्हाईक आहे. घरी आल्यावर आमची ही म्हणते, तुमचा चेहरा पाहून मलाही तसंच वाटलं.

२१ जानेवारी, रविवार
लेक, जावई आणि नात येऊन गेले. लेक सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली, हातात ताटली तशीच. हिनं ती अलगद काढून घेतली. दोन बस आणि एक रिक्षा करून येतात. रोज कामावर जातानाही तेच हाल. म्हणे, घरी पोचते तेव्हा पोरगी झोपलेली असते, निघते तेव्हाही झोपलेली असते. शाळेत तिनं आईचं चित्र काढलं, त्यात आई पाठमोरी आहे.
जाग आल्यावर म्हणाली, बाबा, तुमच्या जवळपास घर मिळालं असतं ना, तर बरं झालं असतं. मी म्हटलं, घरं बांधायलाच हवीत, माझा विरोध घरांना नाहीच, जागेला आहे. तिनं विचारलं, मग कुठं बांधायची? मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून शास्त्रशुद्ध दाखवलं. तळ्याच्या पलीकडे, उत्तरेला, माळावर. भरपूर जागा.
ती म्हणाली, बाबा, मी तिथंच राहते.
मी विषय बदलला. थकलेल्या माणसाशी वाद घालू नये.

२ फेब्रुवारी
संतापजनक. ही भाजी आणायला गेली होती. खांबापाशी फुटपाथ संपतो, तिथून रस्त्यावर उतरताना फरशी हलली आणि ही पडली. कशीबशी घरी पोचली तोवर घोटा भोपळ्याएवढा सुजला. मी तडक टेबलाशी बसून भाषणात ‘पादचाऱ्यांची दुर्दशा’ हा परिच्छेद घातला. अप्रतिम उतरलाय.
हिला खाली उतरवून डॉक्टरकडे नेलं ते होहोंनी. लेकीला फोन केला होता. ती दुपारी निघाली, दिवेलागणीला पोचली. तोवर प्लॅस्टर घालून झालं होतं. आईच्या पायाशी बसून राहिली. मी परिच्छेद वाचून दाखवला. ती प्लॅस्टरवरून हात फिरवत राहिली. भारावली असावी.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
सुनावणी झाली. दोनशे माणसं आलीच नाहीत, पण गुणवत्ता महत्त्वाची. मी, काठी टेकत आलेली ही, आणि होहो.
पहिला उठला तो डेंटिस्ट. म्हणाला, टॉवर व्हावा, वस्तीत चैतन्य येईल. विश्वासघातकी!
मग मी. शहर म्हणजे काय, इथून सुरुवात केली. नदीखोऱ्यांवरून मानवी वसाहतींवर येतोय तोच सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी घंटी वाजवली. ऊन, पाणी, गटारं, पादचारी, सगळं राहिलं. माइक काढून घेता घेता ओरडलो, तीनशे कुटुंबं फार होतात, कुटुंबं कमी करा! साहेबांनी मान डोलावून ते लिहून घेतलं. तीर बरोबर लागला.
नंतर मागच्या रांगेतून आमची लेक उभी राहिली. ती येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाली, आत्ता बोलले ते माझे वडील. त्यांचा राग खोटा नाही, माझी आई याच रस्त्यावर पडली. म्हणून फुटपाथ आधी करा. पण घरंही करा, लहान घरं करा, आमच्यासारख्यांना परवडतील अशी. मी इथल्या एका लहान घरासाठी नाव दिलंय. मला आईपाशी चालत यायचंय.
टाळ्या पडल्या. हिनं काठी बगलेत धरून वाजवल्या. होहोंनीही.
माझ्या भाषणाची पार्श्वभूमी नसती, तर तिचं एवढं रंगलं नसतं.

२६ मार्च, दुपार
निकाल लागला. माझा मुद्दा मान्य! नागरिकांच्या भावनांचा आदर करून कुटुंबसंख्या निम्म्यावर आणली आहे. जिन्यातच होहोंना थांबवून सांगितलं. ते पहिल्यांदाच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, सर, पुढचं वाचलंत का?
पुढचं वाचलं. मजले बावीसच. लहान घरं रद्द. दोन-दोन जोडून एकेक मोठं घर. मोठ्या घरांना गाड्या जास्त, म्हणून खाली पार्किंगचे तीन मजले वाढवले. स्टेशनच्या दारात, गाड्यांसाठी! फुटपाथचा उल्लेख नाही.
थोड्या वेळानं लेकीचा फोन आला. हिनं स्पीकरवर ठेवला. लेक रागावली नव्हती, तेच वाईट. म्हणाली, नाव काढून घेतलं. मेट्रो संपते तिथून पुढे एक घर बघितलंय, तेच घेतोय. आता दर रविवारी नाही जमणार गं आई, महिन्यातून एकदा बघते.
मी म्हटलं, अगं, मी कुटुंबं कमी करा म्हटलं, म्हणजे तुझं नव्हे. ती म्हणाली, हो बाबा. आणि फोन ठेवला.
ही उठली. लंगडत आत गेली आणि दार लावून घेतलं. एक वाजून गेला. जेवणाचं काय, ते दारातून विचारावं की थांबावं, ठरत नाही.