मेणाचं नॉझल

२ मे १९८३, सोमवार
सुट्टी. मुकुंदच्या खोलीतलं लेथ मशीन पुसलं. मुकुंद, माझा धाकटा भाऊ, फेब्रुवारीत वारला. त्याच्या छोट्या उपग्रहाच्या थ्रस्टरचा, म्हणजे दिशा वळवणाऱ्या चिमुकल्या इंजिनाचा, नमुना एकतीस तारखेपर्यंत बंगलोरला पोचला नाही तर डिझाइन बाद होईल. बोटाएवढं मेणाचं नॉझल त्याने शेवटच्या आठवड्यात कातून ठेवलंय. त्यावर निकेलचा थर चढवायचा, मग मेण वितळवून टाकायचं, निकेलचं पोकळ नॉझल उरतं. घशाशी, जिथे ते सर्वांत अरुंद आहे, त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे; तो निकेलमध्ये उतरेल, म्हणून आधी घासून काढायचा. उद्या नक्की.

५ मे
ठसा काढला नाही. उजेड बरोबर नव्हता.

९ मे
इतवारीत निकेल चढवणारे रुपराव म्हणाले, "मास्तर, मेण पुजून राहिले का? आणा इकडे, आंघोळ घालतो त्याले." घाईत काम बिघडतं, असं त्यांना समजावलं.

१४ मे, दुपारी ३
४५ अंश. कूलर नॉझलसमोर, मी पडवीत. थंड मेण चांगलं घासलं जातं.
मघाशी लेथ फिरल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं, बंद. बेल्ट सैल असेल, असं ठरवलं. बंद मशीनचा बेल्ट वाजत नाही, हे मी आयटीआयत वीस वर्षं शिकवतोय.

१९ मे
मुकुंदची बायको, अरुंधती, आली. नॉझलला हात न लावता बघत बसली. मग म्हणाली, "दादा, ड्रॉइंग आहे, मशीन आहे. दुसरं काता आणि हे ठेवा." त्याच्या हाताची सफाई मला येणार नाही, म्हटलं. "मग हेच द्या." सोमवारी देतो, म्हटलं. "कोणत्या सोमवारी, तेही लिहून ठेवा."
लिहितो. २३ मे.

२३ मे, सोमवार
परीक्षेची ड्यूटी आली. उद्या देऊ म्हणून गेलो. अकरा ते चार वीज नव्हती. कूलर बंद, खोलीवर पत्रे. परतलो तर नॉझल एका अंगावर कललेलं, घसा मिटलेला. ठसा दिसेना. उचलायला गेलो, माझाच अंगठा रुतला. नॉझल सदऱ्याच्या खिशात घालून तसाच उभा राहिलो.

२४ मे
दुसरं कातलं. दीड तास. माप पहिल्याच वेळी बरोबर आलं. सफाई तीच. रुपरावांना दिलं. अरुंधतीने विचारलं, जुनं नीट ठेवलंय ना? हो म्हटलं.
कालच्या सदऱ्याच्या खिशाला जुन्या नॉझलचं सगळं मेण चिकटलं होतं. पाणी उकळून सदरा धुतला. दोरीवर टाकला.